कॅन्डलमास: सहा गायक, एकच संथ चाल

२ फेब्रुवारीला आमच्या वसईत सकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, फादर मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. नाताळ धरून चाळिसावा दिवस, बाळ येशूला मंदिरात नेल्याची आठवण. त्या मेणबत्त्या आम्ही घरी आणून जपून ठेवतो. पावसाळ्यात वादळ सुटलं की त्यातली एक लावायची. आणि घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तर त्याच्या उशाशी लावायची. या सणाला इंग्रजीत कॅन्डलमास म्हणतात, आणि स्वीडनच्या एका बँडने हेच नाव घेतलंय. त्यांचं संगीत मी छत्तीस वर्षं ऐकतोय. नाव कुणी कसं सुचवलं असेल ते असो, माझ्या कानाला ते उशाशी लावलेल्या मेणबत्तीचंच नाव वाटतं.

माझा मामेभाऊ मालवाहू जहाजावर होता. १९८९ मध्ये तो गोथेनबर्गहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक कॅसेट आणली, ‘नाइटफॉल’. मी सोळा वर्षांचा होतो. कव्हरवर काळवंडलेला समुद्र, एका होडीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा, वर ढगांतून उतरणारा प्रकाश आणि त्याला वाट दाखवणारा देवदूत. आईने ते चित्र पाहिलं आणि कॅसेट वाजवायला लगेच परवानगी दिली. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ते अमेरिकन चित्रकार थॉमस कोल याचं चित्र आहे. माणसाच्या आयुष्याचा प्रवास त्याने चार चित्रांत रंगवला: बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य. त्यातलं हे शेवटचं. बँडने पुढच्याच अल्बमवर याच मालिकेतलं तारुण्याचं चित्र घेतलं, म्हणजे होडी उलट्या दिशेने वळवली. आईचा अंदाज काही चुकला नव्हता, चित्र धार्मिकच आहे.

ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा स्टॉकहोम परिसरातला हेवी मेटल बँड. लेइफ एडलिंग हा बेस वाजवतो आणि जवळपास सगळी गाणी तोच लिहितो. त्याआधी त्याचा नेमेसिस नावाचा बँड होता, १९८४ मध्ये त्यांची एक छोटी तबकडी निघाली होती. हेवी मेटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेग येतो, आणि त्या काळात सगळे एकमेकांपेक्षा जलद वाजवायच्या मागे होतेच. एडलिंग नेमका उलट्या बाजूला गेला. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या पहिल्या काही तबकड्यांमध्ये जो जड, रेंगाळणारा चालीचा प्रकार होता तो त्याने उचलला आणि त्यात मोठ्या, उंच, जवळजवळ ऑपेराच्या वळणाच्या गायकीची भर घातली. त्याला आता एपिक डूम म्हणतात. हे नावसुद्धा त्यांच्याच पहिल्या अल्बमवरून आलं.

मी चर्चच्या गायनमंडळात तीस वर्षं साथ करतोय, आधी पेटीवर, मग कीबोर्डवर. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो: संथ वाजवणं जलद वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. आमच्याकडे चाळीसदिवसांच्या उपवासकाळातलं एखादं गीत घ्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी हमखास पुढे पळायला लागतात, कारण दोन ठोक्यांच्या मधली रिकामी जागा माणसाला सहन होत नाही. जलद लयीत चूक झाली तर ती पुढच्या सुरांखाली बुजते. संथ लयीत एक ठोका केसभर अलीकडे पडला तरी सगळ्यांना ऐकू येतो. कॅन्डलमासचे लोक ती रिकामी जागा धरून ठेवतात. यान लिंडचं ड्रमवादन कुणी फारसं वाखाणत नाही, पण तो ठोका उशिरात उशिरा टाकतो आणि तरी चाल सैल पडू देत नाही. आमच्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला मी वेगळं काय सांगू? समेवर यायला जितका वेळ लागतो तितकी समेची ओढ वाढते.

१९८६ चा पहिला अल्बम, ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’. हे लॅटिनच्या थाटाचं जुळवलेलं नाव आहे, व्याकरणात शोधायला जाऊ नये. स्टॉकहोमच्या थंडरलोड स्टुडिओत हा रेकॉर्ड झाला, ब्लॅक ड्रॅगन या फ्रेंच कंपनीने काढला. खप इतका कमी झाला की कंपनीने त्यांना सोडून दिलं. आज डूमचा इतिहास सांगणारा कुणीही या अल्बमपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. सहाच गाणी, त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास.

पहिलं गाणं ‘सॉलिट्यूड’. यातली सुरुवातीची काही सेकंदं मी कितीदा ऐकली असतील त्याला गणती नाही. आधी गिटारच्या सुट्या तारा, हळू, एकेक सूर वेगळा काढलेला. त्यावर योहान लेंग्क्विस्टचा आवाज, अगदी दबलेला, कुणाला ऐकू जाऊ नये असा. शब्द आहेत एकटेपणाने खचलेल्या माणसाचे, ज्याला आता जगायचंच नाही. आणि मग आवाज मुद्दाम खरखरीत केलेल्या दोन्ही गिटार एकदम येतात. दार उघडून कुणी आत यावं तसं नाही होत ते, खोलीचं छतच खाली उतरल्यासारखं वाटतं. पण लक्ष देऊन ऐका, गायक ओरडत नाही. आवाज वर जातो, मोठा होतो, तरी त्यातलं दुखणं तेवढंच खासगी राहतं. घरात दुःख झालेलं असताना काही माणसं पाहुण्यांसमोर सरळ बसून बोलतात, आवाज हलू देत नाहीत. लेंग्क्विस्ट मला तसा वाटतो.

याच तबकडीतलं शेवटचं ‘अ सॉर्सरर्स प्लेज’ आठ मिनिटांहून मोठं आहे. शेवटाला सगळं थांबत येतं आणि एका बाईचा शब्दांवाचूनचा आवाज वर तरंगत राहतो. संपूर्ण अल्बमभर पुरुषी, जड आवाज ऐकलेले असतात, म्हणून तो आलाप अंगावर येतो. मला ‘ब्लॅक स्टोन वील्डर’ मधल्या तेच तेच फिरून येणाऱ्या रिफचा, म्हणजे गिटारच्या छोट्या तुकड्याचा, थोडा कंटाळा येतो, तेवढं एक सोडलं तर या अल्बमला नाव ठेवायला जागा नाही. आवाज मुद्रित करण्याची पद्धत साधी आहे, थोडी धूळ बसल्यासारखी. ती तशीच राहू दे. नंतरच्या काळात आलेल्या चकचकीत ध्वनीपेक्षा ही धूळ या गाण्यांना शोभते.

लेंग्क्विस्ट फक्त मुद्रणापुरता आला होता, बँडमध्ये राहायला तयार नव्हता. त्याच्या जागी आला मेसाया मार्कोलिन. अंगावर संन्याशाचा झगा, डोक्यावर मोठा केसांचा भार, धिप्पाड देह आणि त्याच मापाचा आवाज. त्याच वेळी लार्स योहान्सन हा मुख्य गिटारवादक आणि यान लिंड हे दोघेही आले. एडलिंग आणि दुसरा गिटारवाला माट्स ‘माप्पे’ ब्यॉर्कमान आधीचेच. या पाच जणांनी १९८७ ते १९९० या काळात जे केलं त्यावरच बँडचं नाव उभं आहे.

‘नाइटफॉल’ १९८७ चा. माझ्या लेखी हाच त्यांचा सर्वांत मोठा अल्बम, आणि तो मला सर्वांत आधी मिळाला म्हणून मी असं म्हणत नाही. मार्कोलिनच्या आवाजात एक रुंद कंप आहे. प्रत्येक लांबवलेला सूर तो हलवत नेतो. काही लोकांना तो सुरुवातीला जास्त वाटतो, माझ्या बायकोला आजही वाटतो. पण ‘वेल ऑफ सोल्स’ ऐका. तिथे गिटारची चाल इतकी रुंद आणि सावकाश आहे की साधा, सरळ आवाज तिच्यात बुडून गेला असता. त्या कंपामुळेच आवाज वर तरंगतो. जुन्या नाट्यसंगीतात गायकाला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे, तेव्हा आवाज घुमवायची एक रीत होती. मार्कोलिन माइक असतानाही तसाच गातो.

‘सॅमॅरिथन’ हे नाव शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनीवरून. वाटेवर पडलेल्या परक्याला मदत करणारा माणूस हा विषय मेटलमध्ये कुठे सापडतो? एडलिंगला असे विषय सुचतात. ‘ॲट द गॅलोज एंड’ मध्ये फाशीची वाट पाहणारा कैदी आहे आणि गाणं सुरुवातीला अगदी हळू, प्रार्थनेसारखं सुरू होऊन मग वेग घेतं. ‘कोडेक्स गिगास’ हा छोटा वाद्यसंगीताचा तुकडा. कोडेक्स गिगास म्हणजे तेराव्या शतकात बोहेमियात लिहिलेला प्रचंड हस्तलिखित ग्रंथ, वजन पाऊणशे किलोच्या घरात. त्यात सैतानाचं पानभर चित्र आहे, आणि एका संन्याशाने तो एका रात्रीत लिहिला अशी दंतकथा आहे. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्राग लुटलं तेव्हा तो उचलून आणला आणि आज तो स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. म्हणजे एडलिंगने हा विषय परदेशातल्या भुताखेतांच्या गोष्टींतून आणलेला नाही, त्याच्या स्वतःच्या शहरातल्या काचेमागे ठेवलेली ती वस्तू आहे.

आणि ‘मार्श फ्यूनेब्र’. पोलिश संगीतकार शोपॅंचा शोकमार्च, त्याच्या दुसऱ्या पियानो सोनाटातला, इथे दोन-अडीच मिनिटांत गिटारवर वाजवलाय. हा सूर मला कॅसेटच्या आधीपासून ठाऊक होता. माझे आजोबा गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाला, सणाला आणि कुणी गेलं तर मयतालाही. त्यांच्या सरावाच्या वहीत या मार्चच्या पहिल्या काही ओळी हाताने उतरवलेल्या होत्या, शाई पुसट झालेली. सोळाव्या वर्षी खोलीत कॅसेट लावली आणि स्वीडनच्या पोरांच्या गिटारमधून आजोबांच्या वहीतला सूर आला. आजोबा बाहेर ओट्यावर बसले होते. ते उठून आत आले, दारात उभं राहून पूर्ण तुकडा ऐकला आणि म्हणाले, “लय धरली आहे पोरांनी.” त्यानंतर पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा ते परत ओट्यावर गेले, पण त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं नाही.

२००३ मध्ये बाबा गेले. उशाशी २ फेब्रुवारीची मेणबत्ती लावली होती, ती अर्धी उरली. दफनविधी झाल्यावर रात्री घरात माणसं निजली तेव्हा मी कानाला हेडफोन लावून ‘नाइटफॉल’ पूर्ण ऐकला. त्या रात्री कोणतंही जलद किंवा हसरं गाणं मला चाललं नसतं, आणि सांत्वनाची गीतं तर दिवसभर गाऊन झाली होती. मला अशा कुणाची तरी सोबत हवी होती जो घाई करणार नाही. ‘मोर्नर्स लामेंट’ त्या दिवसापासून मी सहज म्हणून कधी लावत नाही.

पुढचा ‘एन्शंट ड्रीम्स’, १९८८. इथे मला तक्रार आहे. गाणी चांगली आहेत, ‘मिरर मिरर’ तर त्यांच्या पहिल्या पाचांत बसेल, पण ध्वनी पातळ आहे. ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे, गिटार दूर कुठेतरी. घाईत उरकलेलं काम ऐकू येतं. तरीही हा अल्बम एका गाण्यासाठी घ्या, ‘एपिसल नंबर ८१’. कार्ल मिखाएल बेलमन हा अठराव्या शतकातला स्टॉकहोमचा कवी-गायक. दारूच्या गुत्त्यांतली, गल्ल्यांतली माणसं त्याने आपल्या गीतांत आणली आणि स्वीडनमध्ये ती गीतं आजही म्हटली जातात. त्याच्या ‘फ्रेडमनच्या पत्रां’चा संग्रह १७९० मध्ये निघाला, त्यातलं ८१ वं गीत एका दफनप्रसंगावर आहे. कॅन्डलमासने ते इंग्रजीत घेऊन आपल्या चालीत बसवलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या शाहिराची रचना आजच्या पोरांनी ढोलकीऐवजी गिटारवर घ्यावी आणि तिचा मान राखावा, तसं हे काम आहे. मार्कोलिन इथे कंप आवरतो आणि शब्दांना पुढे येऊ देतो. संग्रही ठेवावं असं गाणं.

‘टेल्स ऑफ क्रिएशन’ १९८९ चा. यातली बरीच गाणी बँडच्या सुरुवातीच्या दिवसांतली, पुन्हा बसवलेली. मधेमधे कुणीतरी गंभीर आवाजात बोलतं, ते मी वगळूनच ऐकतो. पण इथे एक दुर्मीळ संधी आहे. ‘अंडर दि ओक’ पहिल्या अल्बमवर लेंग्क्विस्टने गायलं होतं, इथे तेच मार्कोलिन गातो. दोन्ही पाठोपाठ लावा. लेंग्क्विस्ट ओळीच्या शेवटी आवाज सोडून देतो, जणू बोलून झालं. मार्कोलिन ओळीच्या शेवटीच खरी सुरुवात करतो, सूर धरतो, फुलवतो, हलवतो. एक माणूस ओकच्या झाडाखाली बसून स्वतःशी बोलतोय, दुसरा तीच गोष्ट देवळाच्या पायरीवर उभा राहून गावाला सांगतोय. शब्द तेच, चाल तीच. कोणता चांगला, हा वाद मी आणि माझा मामेभाऊ गेली पस्तीस वर्षं घालतोय. तो मार्कोलिनच्या बाजूचा. मी या एका गाण्यात लेंग्क्विस्टच्या बाजूने आहे.

या अल्बमची सीडी मी मुंबईतल्या एका दुकानातून घेतली होती, दुहेरी आवृत्ती म्हणून जास्तीचे पैसे मोजून. घरी येऊन उघडली तर आत एकच तबकडी. परत गेलो तेव्हा दुकानदाराने पाकीट फोडलेलं आहे म्हणून बदलून द्यायला नकार दिला. अशा आवृत्त्या घेणाऱ्यांनी तिथेच, काउंटरवरच उघडून बघावी.

१९९० च्या ‘लाइव्ह’ मध्ये स्टॉकहोमच्या श्रोत्यांपुढे हेच पाच जण आहेत, आणि ‘एन्शंट ड्रीम्स’ मधली गाणी ज्या वजनाने वाजायला हवी होती तशी इथे वाजतात. त्या अल्बमचा ध्वनी ज्यांना खटकला असेल त्यांनी हे ऐकावं.

मग मार्कोलिन बँड सोडून गेला. १९९२ च्या ‘चॅप्टर सिक्स’ वर थॉमस विकस्ट्रम गातो. तयारीचा गायक, वरच्या पट्टीत सहज फिरणारा, पण त्याच्यासाठी गाणी उजळ आणि चपळ झाली. मला हा अल्बम आवडतो, फक्त तो रात्रीचा नाही. बँड फुटला. एडलिंगने अब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा नावाचा वेगळा गट काढला आणि त्याच गटाचा दुसरा अल्बम म्हणून जे साहित्य तयार होत होतं ते १९९८ मध्ये ‘डॅक्टिलिस ग्लोमेराटा’ या नावाने कॅन्डलमासचा म्हणून आलं. हे एका गवताचं शास्त्रीय नाव आहे. ब्यॉर्न फ्लोड्क्विस्ट गातो, गिटारवर मायकेल अमॉट आहे. १९९९ चा ‘फ्रॉम द थर्टीन्थ सन’ ब्लॅक सॅबथच्या ऋणाचा उघड उच्चार. हे दोन्ही संपूर्ण संग्रह करणाऱ्यांनी घ्यावेत, बाकीच्यांनी आधी उसने घेऊन ऐकावेत. फ्लोड्क्विस्टचा आवाज वाईट नाही, पण एडलिंगची चाल अशी आहे की तिच्यावर उभं राहायला छाती भरलेला आवाज लागतो.

२००२ मध्ये ते पाच जण पुन्हा एकत्र आले, आणि भांडणं, बेबनाव होऊनही २००५ मध्ये ‘कॅन्डलमास’ असं नुसतं बँडचंच नाव असलेला अल्बम निघाला. स्वीडनचा ग्रामिस पुरस्कार त्याला मिळाला. ‘ब्लॅक ड्वॉर्फ’ ने सुरुवात होते आणि सोळा वर्षांचा खंड कुठे जाणवत नाही. ध्वनी आता भक्कम, गिटार भिंतीसारखे. ‘कोपर्निकस’ आणि ‘सेव्हन सिल्व्हर कीज’ ही त्यातली माझी. सूर्य मध्यभागी ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञावर इतकं जड आणि संथ गाणं, तेही ग्रह फिरावेत त्या गतीने! २००६ मध्ये मार्कोलिन पुन्हा बँड सोडून गेला, या वेळी कायमचा.

त्यानंतर टेक्सासचा रॉबर्ट लोव आला. त्याचा स्वतःचा सॉलिट्यूड इटर्नस हा बँड कॅन्डलमासच्याच वळणाचा होता, म्हणजे शिष्याला गुरूच्या गादीवर बसवल्यासारखं झालं. लोवच्या आवाजात काळोख जास्त आहे, कंप कमी. २००७ चा ‘किंग ऑफ द ग्रे आयलंड्स’ थोडा दमछाक करतो. २००९ चा ‘डेथ मॅजिक डूम’ मात्र घ्याच. ‘द ब्लीडिंग बॅरोनेस’ मध्ये योहान्सनचं गिटार गाण्याच्या मध्यभागी असं वर चढतं की एरवी मागे राहणारा हा माणूस किती मोठा वादक आहे ते कळतं. ‘हॅमर ऑफ डूम’ इतकं संथ आहे की पहिल्यांदा ऐकताना मी कॅसेटचा पट्टा अडकला की काय म्हणून यंत्राकडे बघितलं होतं, आणि ती सीडी होती. २०१२ च्या ‘साम्स फॉर द डेड’ ला हा शेवटचा अल्बम असं जाहीर झालं होतं आणि त्यात निरोपाचा सूर आहे, पण गाणी तेवढ्या वजनाची नाहीत. ‘ब्लॅक ॲज टाइम’ तेवढं लक्षात राहतं. मधल्या काळात माट्स लेवेन गायक होता, त्याच्या आवाजात दोन छोट्या तबकड्या निघाल्या, २०१६ ची ‘डेथ दाय लव्हर’ आणि २०१८ ची ‘हाउस ऑफ डूम’. खणखणीत गायक, कधीही ऐकायला तयार असा. त्याच्या वाट्याला पूर्ण अल्बम आला नाही याचं मला वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं कारण असं की पुढे जे घडलं तेही तितकंच हवंसं होतं. २०१८ मध्ये योहान लेंग्क्विस्ट परत आला. पहिल्या अल्बमवर पाहुणा म्हणून गाऊन गेलेला माणूस, बत्तीस वर्षांनी. २०१९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे योगायोगाने मेणबत्त्यांच्या सणाच्याच महिन्यात, ‘द डोअर टू डूम’ निघाला. मी तो लावला तेव्हा पहिलं गाणं संपेपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. आवाज म्हातारा झालाय. वर जाताना जोर लावावा लागतो, कडेला खरखर आलीय. पण ‘सॉलिट्यूड’ मधला तोच माणूस आहे, दुःख सांगताना सरळ बसणारा. तरुण वयात जे शब्द त्याने अंदाजाने गायले ते आता अनुभवाने गातोय असं ऐकू येतं. ‘ब्रिज ऑफ द ब्लाइंड’ या शांत गाण्यात तर वाद्यं बाजूला होतात आणि तो जवळजवळ एकटा उरतो. रात्री दिवे घालवून हे एकच गाणं ऐकावं.

याच अल्बमवर ‘अस्टोरोलस’ मध्ये टोनी आयोमी वाजवतो. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, ब्लॅक सॅबथचा हा गिटारवादक सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. डावखुरा असल्याने तार दाबायची बोटं तीच. त्याने बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो खालचा, जड सूर निघाला त्यावर हा सगळा संगीतप्रकार उभा राहिला. एडलिंगने आयुष्यभर ज्याच्या सुरांवर पोसून गाणी लिहिली, तोच माणूस त्याच्या गाण्यात येऊन वाजवून गेला. सोलो लांबलचक नाही. दोनच वाक्यांत आपलं म्हणणं मांडून मोठी माणसं बसतात तसा आहे. पण पहिल्याच खेचलेल्या सुराला हात कुणाचा ते ओळखू येतं. या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार टूल या अमेरिकन बँडला गेला. एडलिंगला मधल्या वर्षांत तीव्र थकव्याच्या आजाराने घेरलं होतं, दौऱ्यांना त्याच्या जागी दुसरा वादक उभा करावा लागायचा. हे माहीत असलं की त्या नामांकनाची किंमत आणखी कळते.

२०२२ चा ‘स्वीट ईव्हिल सन’ त्यामानाने हलका. हलका म्हणजे उथळ नाही, बँड मोकळेपणाने वाजवतोय एवढंच. ‘व्हेन डेथ साइज’ मध्ये अवटेरियम या एडलिंगनेच उभ्या केलेल्या दुसऱ्या बँडची गायिका जेनी-ॲन स्मिथ येते आणि पहिल्या अल्बमच्या शेवटचा तो बाईचा आलाप मला पुन्हा आठवला. ‘स्कँडिनेव्हियन गॉड्स’ मला पटलं नाही, चाल पुढे सरकतच नाही. दहापैकी सहा-सात गाणी मी परत लावतो.

कुणी एकच घेणार असेल तर ‘नाइटफॉल’. दोन घेणार असेल तर जोडीला ‘एपिकस’, तीन असतील तर ‘द डोअर टू डूम’, आणि ते तिसरं पहिले दोन नीट मुरल्यावरच लावावं, कारण त्या आवाजाचं वय कळायला तरुण आवाज कानात बसलेला हवा. फोनच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बेस गेला की एडलिंग गेला, आणि एडलिंग गेला की काही उरत नाही. स्पीकर मोठे नसतील तर साधे हेडफोन चालतील, पण अंधार करून.

माझी १९८९ ची कॅसेट अजून कपाटात आहे. ‘मार्श फ्यूनेब्र’ च्या जागी पट्टा इतका घासलाय की शोपॅंचा सूर मधेच डगमगतो, दोन ठिकाणी बुडतो. गेल्या वर्षी मुलीने तिच्या पहिल्या पगारातून ‘नाइटफॉल’ ची एलपी आणून दिली. कव्हर आता फूटभर मोठं आहे. होडीतल्या म्हाताऱ्याचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले.